नाव घातलेला पेला

साधनाने पिशवीतून स्टीलचा पेला काढला, रुमालाने आतून पुसला आणि नानांसमोर ठेवला. वेटरने आधीच चौघांपुढे काचेचे ग्लास मांडले होते. नानांपुढचा ग्लास तिने हळूच बाजूला सारला. वेटर एकदा पेल्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने मुकाट्याने पेल्यात पाणी ओतलं.

“पथ्य आहे त्यांचं,” साधना म्हणाली.

नानांनीही मान डोलावली, जणू खरंच पथ्य असावं.

जीवनने मेनूकार्ड उघडून तोंडासमोर धरलं. पेल्यावर ‘निवृत्ती’ असं आपल्या वडिलांचं नाव त्यानेच घालून आणलं होतं. चार महिन्यांपूर्वी भांडीबाजारात जाऊन त्याने एक ताट, एक वाटी आणि हा पेला घेतला होता. घरात सरमिसळ नको, म्हणून नाव. दुकानदाराने मशीन हातात घेऊन, नावाच्या आधी ‘कै.’ घालायचं का, असं विचारलं होतं. वेगळं एकच ताट-वाटी घ्यायला आलेला माणूस बहुधा गेलेल्याच्या नावानेच घेतो, असा त्याचा अनुभव असावा. त्या दिवशी जीवनला हसू आलं होतं. ही गंमत त्याने बँकेत दोघातिघांना सांगितलीही होती.

सगळं सुरू झालं ते खोकल्यापासून. लग्नानंतर सात वर्षं जीवन आणि साधना सिडकोत भाड्याने राहिली. मागच्या वर्षी मखमलाबादला नानांच्या मळ्यातच नवं घर बांधायला घेतलं आणि चार-पाच महिन्यांपूर्वी तिघं तिथे राहायला आली. मळ्यात नाना एकटेच होते. पहाटे उठून झेंडू, शेवंती तोडायची, टोपल्या भरून फूलबाजारात न्यायच्या, दुपारी घरी येऊन भाकरी खायची, असा त्यांचा नेम होता. साधनाला सासरा आवडला. फक्त पहिल्या आठवड्यातच तिच्या कानावर तो खोकला आला. कधी गच्चीच्या जिन्यात, कधी मागे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ. दोनदा, कोरडा, घशातून ओढून काढल्यासारखा. साधनाची मावशी टीबीने गेली होती. मावशीच्या खोलीबाहेर उभं राहून शाळकरी साधनाने तो आवाज वर्षभर ऐकला होता. घरात आता चार वर्षांची पूजा होती. साधना घाबरली, आणि त्यात तिचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

मग वेगळी भांडी आली. मग नानांची खाट मधल्या खोलीतून पडवीतल्या खोलीत गेली. मग पूजाला आजोबांच्या मांडीवर बसायचं नाही असं सांगण्यात आलं. एकदा सांगितलेलं पोर ऐकत नाही, म्हणून दहादा सांगण्यात आलं. नाना कशालाच नाही म्हणाले नाहीत. जेवण झालं की स्वतःचा पेला स्वतः विसळायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घालून ठेवायचे, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको.

आज सकाळी शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं होतं की छाती स्वच्छ आहे, थुंकीत काही नाही, म्हाताऱ्याचं फुप्फुस तरुणाला लाजवेल असं आहे. जीवनला इतकं हलकं वाटलं, की त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना गंगापूर रोडला जेवायला न्यायचं ठरवून टाकलं. साधनालाही आनंद झाला. पण खोकला तर होताच. घशाचं एकदा दाखवून घेऊ, मग भांड्यांचं बघू, असं तिचं म्हणणं पडलं, आणि पेला पिशवीतून हॉटेलात आला.

पलीकडच्या टेबलावर कुरबुर चालली होती. एका गृहस्थाने सिगारेट पेटवली आणि वेटरने त्याला भिंतीवरची पाटी दाखवली. दोन ऑक्टोबरपासून कायदा कडक झाला होता आणि पाटीचा रंगही अजून ताजा होता. एवढं बिल भरायचं आणि साधी सिगारेट ओढायची नाही, असं काहीतरी म्हणत ते गृहस्थ मागच्या दाराने बाहेर गेले.

“बरं झालं,” साधना म्हणाली. “ज्याला हौस असेल त्याने आपल्या छातीत भरावा धूर. लोकांच्या लेकरांच्या कशाला?” मग तिने जीवनकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. “ह्यांनी पूजा झाली त्या दिवशी सोडली. एका दिवसात.”

जीवनने सूप कुठलं घ्यायचं ते विचारलं.

नाना पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होते. “आमच्या वेळी एसटीतसुद्धा ओढायचे,” ते म्हणाले. “पाटी-बिटी काही नव्हती. पण वडीलधारं माणूस चढलं, की विझवायचे.”

“ती नुसती भीती झाली, नाना,” साधना म्हणाली.

“भीती म्हण,” नाना म्हणाले, आणि त्यांनी विषय सोडून दिला.

ऑर्डर देऊन झाली. जीवनची बोटं टेबलावर वाजायला लागली. गाडी लॉक केली की नाही ते बघून येतो, असं सांगून तो उठला आणि पुढच्या दाराने बाहेर पडून इमारतीला वळसा घालून मागे गेला. हॉटेलवाल्याने तिथे जनरेटरशेजारी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेवला होता. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ ओढून आत गेले होते. एका खुर्चीवर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. वरच्या हॉलमध्ये नातीचा साखरपुडा आहे, आपण चांदवडहून आलो आहोत, वाल्मीक आपलं नाव, हे त्याने न विचारताच सांगितलं. तिथे आल्यावर सगळे एका पंगतीचे होतात.

जीवनने सिगारेट पेटवली. चारेक झुरके झाले असतील. कोपऱ्याच्या आडून खोकला आला. दोनदा.

त्याच्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. सिगारेट वाळूत गेली, धूर उजव्या हाताने वारला गेला, तोंडात बडीशेप पडली. वाल्मीकनेही बिडी खुर्चीखाली धरली. मग नाना कोपऱ्यावरून आले. त्यांनी जनरेटरकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. जेवण आलंय, एवढंच ते जनरेटरला सांगितल्यासारखं म्हणाले आणि परत फिरले.

“तुमचे वडील?” वाल्मीकने विचारलं.

“हो.”

“देवमाणूस हाय. खोकून आले.”

“त्यांना खोकला आहे,” जीवन म्हणाला. “चार महिने झाले. तपासण्या चालू आहेत.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. आपली थट्टा चालली आहे की काय, याचा त्याला अंदाज येईना. “आजाराचा खोकला नाय हा,” तो म्हणाला. “आमचा बाप बी खळ्यात यायच्या आधी असाच खोकायचा. दोनदा. मी बिडी विझवली का मंग यायचा. मरेपर्यंत त्यानं मला बिडी ओढताना पाह्यलं नाय. आजारी माणूस असं मोजून खोकतो का?”

वाल्मीकने बिडी पुन्हा ओठांत धरली. जीवन तिथेच उभा राहिला.

कॉलेजात असताना तो मित्रांना फुशारकीने सांगायचा, की नानांच्या खोकल्यामुळे आपण कधी सापडत नाही. नशीब समजायचा तो त्याला. गच्चीचा जिना, मोटारीची खोली, विहिरीमागची बाभळ, जिथे जिथे तो ओढत असे, तिथे तिथे नानांना खोकला येत असे. फूलबाजारात पहाटेच्या गारठ्यात येत नसे. भजनात येत नसे. आज अर्धा तास हॉटेलच्या एसीत बसूनही आला नव्हता. डॉक्टरांनी खोकून दाखवा म्हटलं, तेव्हा नाना गोंधळून गेले होते आणि मुलाकडे बघायला लागले होते. आणि मुलाने काय केलं होतं? बिडीचा इतिहास आहे का, या प्रश्नाला नानांच्या आधी त्यानेच उत्तर दिलं होतं. पूर्वी ओढायचे, डॉक्टर, आम्ही किती सांगायचो. खरं तर नानांनी बिडी सोडली त्याला वीस वर्षं झाली होती. जीवन दहावीत असताना एकदा नानांच्या कट्ट्यातल्या दोन बिड्या कमी भरल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नानांनी घरात कट्टा आणला नाही. आणि डॉक्टरांना ‘पूर्वी ओढायचे’ असं सांगताना पाकीट जीवनच्या खिशात होतं.

त्याला आपल्याच अंगाची किळस आली. चार महिने म्हाताऱ्याने पडवीत झोपायचं, आपल्या नावाच्या पेल्यात पाणी प्यायचं, नातीला हात लावायचा नाही. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण ते वाक्य साधनाच्या कानावर पडलं असतं.

तो आत आला तेव्हा साधना पूजाला भात कालवून देत होती.

“खोकला ऐकलात?” ती हळू आवाजात म्हणाली. “मी तुम्हाला बोलवायला उठत होते, तर म्हणाले, तू बस, मी जातो. आणि खिडकीतून बघते तर इमारतीच्या कोपऱ्याशी थांबून पुन्हा खोकत होते. रिपोर्टचं काही खरं नाही. आपण त्यांना मुंबईला दाखवू.”

“मिरचीचा ठसका लागला गं,” नाना म्हणाले. त्यांच्या ताटातल्या भाजीला अजून हातही लागला नव्हता.

पूजाने आजोबांच्या ताटातल्या पापडाकडे हात नेला. साधनाने तो हात सवयीने मागे घेतला. नानांनी पापड मोडला आणि पोरीचं लक्ष जाऊ नये म्हणून वाटीखाली सरकवला.

आत्ता नाही बोललो, तर उद्या मुंबई, परवा आणखी कुठे, आणि हा माणूस खुशाल छाती उघडून मशीनसमोर उभा राहील, हे जीवनला कळत होतं.

“साधना, नानांना खोकला नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

त्याने खिशात हात घातला. नाना ताडकन उठले.

“हात धुऊन येतो,” ते म्हणाले आणि कुणाकडेही न बघता बेसिनच्या बोळाकडे चालू लागले. जेवायला बसण्यापूर्वी ते हात धुऊन आले होते.

जीवनने सिगारेटचं पाकीट टेबलावर, स्टीलच्या पेल्याशेजारी ठेवलं. वेटर लगबगीने जवळ आला. साहेब, इथे चालत नाही, असं तो अदबीने म्हणाला. ओढत नाहीये, असं जीवनने सांगितलं. वेटर थोडा वेळ घुटमळला आणि गेला.

“मी ओढत असतो, म्हणून ते खोकतात,” जीवन म्हणाला. “मला टाकायला वेळ मिळावा म्हणून. मलाही आत्ताच कळलं.”

साधना पाकिटाकडे बघत राहिली. तिचा भाताचा हात तसाच वाळत होता.

“गच्चीवर?”

“हो.”

“मोटारीच्या खोलीत?”

“हो.”

ती रागावेल, निदान पूजाचं नाव घेऊन काहीतरी बोलेल, याची त्याने तयारी ठेवली होती. पण तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की तिने स्वतःच कुणाचं तरी काही चोरलं असावं आणि ते आत्ता उघड्यावर आलं असावं. “मी त्यांना पडवीत…” एवढंच ती म्हणाली. जीवनलाही, मी ओढतो ते सांगितलं नाही म्हणून, असं म्हणायचं होतं. तेही राहिलं.

बेसिनच्या बोळातून खोकला आला. दोनदा, कोरडा.

जीवनचा हात जागचा हलला नाही. साधनाचा हलला. उष्ट्या हातानेच तिने झटकन पाकीट उचललं, पर्समध्ये कोंबलं आणि पर्सची चेन ओढली. नाना बोळातून आले, आपल्या खुर्चीवर बसले. टेबलावर आता काहीच नव्हतं. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांचे खांदे जरा खाली आले. पोरीला आइस्क्रीम सांगितलं का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा साधनाला पेला दिसला. ती बाजूला सारलेला काचेचा ग्लास ओढून घ्यायला लागली. त्यात जगमधून पाणी ओतताना थोडं टेबलक्लॉथवर सांडलं. तो ग्लास तिने नानांपुढे सरकवला आणि पेला उचलायला हात पुढे केला. पण नानांचा हात आधीच पेल्यावर होता.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. “मला आता ह्याचीच सवय झाली.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते सावकाश पाणी प्यायले. मग त्यांनी कागदी रुमालाने पेला आतूनबाहेरून पुसला आणि रोज खिडकीत ठेवतात तसा टेबलावर पालथा घातला. मग काही आठवल्यासारखं करून, परत जाताना विसरायला नको म्हणून, तो उचलून साधनापुढे धरला. पिशवी तिच्या मांडीवरच होती. ती उघडायला तिचा हात काही पुढे होईना.