दिव्याचा स्टँड

"कागद वेळेत आले होते. अपिलाची मुदत मीच चुकवली. तुझ्या भावाचं दुकान माझ्यामुळं गेलं." प्रतापराव वकिलांचा आवाज नेमका हवा तिथं फुटला. समोर भूमिका नावाची नटी होती, त्यांच्या बायकोचं काम करायला आणलेली.

खरी बायको, कौशल्या, चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली. सहा वर्षं तिनं उलटं ऐकलं होतं: रघुजीनंच कागद उशिरा दिले. हा तिचा धाकटा भाऊ खरं सांगायला येलहंका भागातल्या याच घरी आला, तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं.

एका वकिलाच्या खडतर आयुष्यावर ही छोटी फिल्म. आयुष्य ह्यांचं, हौस ह्यांची. खडतर तेवढं बाकीच्यांच्या वाट्याला. नायक थोडा चुकलेला असला की लोक रडतात, असं ह्यांनीच सुप्रीताला, त्या दिग्दर्शक पोरीला, पटवलं होतं. घरात बायकोलाही कान आहेत, हे मात्र हिशेबात धरायचं राहिलं.

भूमिकाला पुढच्या कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाची इलेक्ट्रॉनिक सिटी गाठायची होती. ती गेली. प्रतापरावांच्या चेहऱ्याचा शॉट राहिला.

"आंटी, स्वल्प, जरा कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहता? सरांची नजर नीट बसेल," सुप्रीता म्हणाली.

कौशल्या ट्रे ठेवून उभी राहिली.

"अॅक्शन!"

कोर्टात कागद न बघता तासभर बोलणारा माणूस नुसता तोंड उघडून उभा राहिला.

"कागद..."

"कागद वेळेत आले होते," कौशल्यानं शांतपणे पुढचं सांगितलं.

प्रतापरावांनी कपाळ पुसलं. "सुप्रीता, हिला आत पाठव. दिव्याचा स्टँड ठेव इथं. हिच्यामुळं भाव येत नाही."

"बरोबर आहे," कौशल्या म्हणाली. "दिव्याला भाऊ नसतो."

स्टँड आला. "सगळ्यांनी फोन बंद करा!" सुप्रीता ओरडली. कौशल्यानं आत जाऊन रघुजीला फोन लावला. त्यानं उचलल्यावर ती दाराच्या फटीतून फोन हॉलकडे धरून उभी राहिली.

लोखंडी स्टँडपुढं प्रतापराव फार सुरेख बोलले. कागद, मुदत, दुकान, सगळं. शेवटी "माझं चुकलं" असंही जोडलं, जे लिहिलेलंच नव्हतं. टाळ्या पडल्या.

तिनं फोन कानाला लावला.

"ऐकलंस, रघुजी?"

पलीकडं चिकपेट बाजारातलं तेच साड्यांचं दुकान होतं, आता दुसऱ्याच्या मालकीचं. रघुजी तिथं नोकरीला होता. कुणीतरी कन्नडमध्ये भाव पाडत होतं. रघुजी गिऱ्हाइकाला "सरी, सरी", बरं बरं, म्हणाला आणि बाजूला आला असावा, कारण गलबला कमी झाला.

"जेवलीस काय गं, अक्का?"

कौशल्यानं तोंडाला पदर लावला.

हॉलमध्ये प्रतापराव सांगत होते, "अजून एक घेऊ. या वेळी डोळ्यांत पाणी आणतो."