तुम्ही म्हणजे आदर

मार्चपासून देवयानी आपल्या लेकीवर रागावली होती आणि लेकीला त्याचा पत्ताच नव्हता. आता नोव्हेंबर उजाडला होता. समोरच्याला कळत नसेल, तर राग धरून उपयोग तरी काय?

"बसा," प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडत ती म्हणाली. "आपली बॅग मागे ठेवा. बाईसाहेबांची ट्रेन वेळेवर आली म्हणायची!"

"थँक्स आई, यू आर सो स्वीट," केया म्हणाली आणि बेल्ट लावून मोकळी झाली.

देवयानीने स्टिअरिंग घट्ट धरलं. लहानपणी पुण्यात तिच्या आईने असं 'बसा' म्हटलं असतं, तर तिच्या पायांखालची जमीन सरकली असती. कॉलेजच्या ट्रिपवरून ती उशिरा आली, तेव्हा आई दारातच म्हणाली होती, "या, आपलीच वाट बघत होतो." आईच्या तोंडून पुन्हा 'तू' निघेपर्यंत देवयानी दिवसभर तिच्या मागेमागे फिरली होती. आणि ही न्यू जर्सीत जन्मलेली कार्टी! 'तुम्ही' काय, 'आपण' काय, 'यावं' काय, 'बसावं' काय, सगळं करून झालं, आणि ही दरवेळी जास्तच खूश.

मार्चमध्ये सुमंतचं वर्षश्राद्ध झालं. देवयानीने कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं, बाबांचं आहे, घरी ये. न्यूयॉर्क काही चंद्रावर नाही. पण केयाला क्लास शिकवायचा होता, ती म्हणाली, झूमवर जॉइन करते. झूमवर ती आली, म्हणजे तिचं नाव आलं. काळा चौकोन आणि त्यात पांढरी अक्षरं. गुरुजी म्हणाले, मुलीला नमस्कार करायला सांगा. चौकोन गप्प. घरात जमलेली माणसं एकदा त्या चौकोनाकडे बघत होती आणि एकदा देवयानीकडे. त्या दिवसापासून देवयानीचं 'तू' बंद झालं.

सरळ बोलून टाकायचं? का म्हणून? आपल्याला काय लागलं ते आईने पोरीला समजावून सांगायचं असतं का?

घरी आल्याआल्या केयाने किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. जुन्या इंग्रजी कवितांवर ती पीएचडी करत होती.

"आई, मी वेडी होणारे. सरांनी चॅप्टर परत पाठवला."

"काय म्हणतात आपले सर?" देवयानीने सकाळचाच कुकर गरम करायला ठेवत विचारलं.

"ऐक ना. एक रोमन पोएट आहे. तो गर्लफ्रेंडच्या बंद दाराबाहेर पावसात बसून रडगाणं गातो. मग सिक्स्टीन हंड्रेड्समध्ये एका इंग्लिश पाद्रीने तीच पोएम इंग्लिशमध्ये केली. पाऊस काढून स्नो घातला, बाकी सेम. सगळीकडे तो तिला 'दाउ' म्हणतो, म्हणजे तू. आणि लास्ट स्टँझात एकदम 'यू'! तेव्हा 'यू' म्हणजे तुम्ही. त्या रोमनच्या लॅटिनमध्ये एका माणसाला तुम्ही म्हणतच नव्हते, ओन्ली तू. मग ह्याने तुम्ही आणलं कुठून?"

"मग?"

"सर म्हणतात, प्रिंटरची मिस्टेक. मी म्हणते, रिस्पेक्ट! शेवटी तो तिला ऑनर करतो. मी प्रूफ पण दिलंय, फुटनोटमध्ये. बघ."

देवयानीने चष्मा लावला. तळटिपेत लिहिलं होतं की मराठीत मूल मोठं झालं की आई त्याला आदराने 'तुम्ही' म्हणू लागते. लेखिकेची स्वतःची आई तिला गेल्या मार्चपासून तसं म्हणते.

"आदर?" देवयानीचा आवाज चिरकला. "हा आदर?"

"तूच तर शिकवलंस! संडेच्या मराठी शाळेत. तुम्ही म्हणजे आदर."

खरंच होतं. देवयानीनेच फळ्यावर लिहून सगळ्या पोरांकडून ते घोकून घेतलं होतं. रागाचा धडा पुस्तकात नव्हता. तो घरात आपोआप येतो, असं तिला वाटलं होतं.

"शेवटच्या कडव्यात तो म्हणतो काय तिला?"

"म्हणतो, तुम्ही झोपा मॅडम, ऊब घ्या, माझी काळजी करू नका."

"अगं, चिडलाय तो! काळजी करू नका म्हणे! दार उघड, दार उघड म्हणून घसा बसला बिचाऱ्याचा, तेव्हा कुठे ते 'तुम्ही' निघालंय तोंडातून. कसला आलाय आदर!"

केया भराभर टाइप करू लागली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला.

"आई... मार्चपासून?"

देवयानीने सिंककडे वळून नळ सोडला. हाच क्षण तिला हवा होता, आणि आता तिला रडू येत होतं, त्याचाही राग येत होता.

"त्या रोमनकडे 'तुम्ही' नव्हतं, तर तो रागवायचा कसा?" तिने पाठमोरीच विचारलं.

"सरळ सांगायचा. त्याला दुसरा ऑप्शनच नव्हता."

देवयानीने नळ बंद केला. "बाबांच्या श्राद्धाला तू आली नाहीस. कॅमेरासुद्धा लावला नाहीस. सगळ्यांसमोर मी एकटी बसले होते. मला फार राग आलाय तुझा, केया. इतके दिवस तो मी कढीलिंबासारखा सगळ्यात घालत होते, आणि तू बाजूला काढून ठेवत होतीस."

केयाने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी क्लास कॅन्सल करू शकले असते. केला नाही. झूमवर बाबांचा हारवाला फोटो दिसला आणि मी ती विंडो मिनिमाइझ केली. पेपर्स ग्रेड करत बसले."

हे ऐकून देवयानीचा राग गेला नाही, उलट वाढलाच. कुकरचं झाकण तिने दाणकन ओट्यावर ठेवलं, ताटात वरणभात वाढला, वर तूप घातलं आणि ताट लेकीपुढे सरकवलं.

"जेव."

केयाने मान वर केली. "जेव? जेवा नाही?"

"जेव म्हटलं ना! आणि आधी ती तळटीप खोड."

केयाने डोळे पुसले, लॅपटॉप मिटला आणि भात कालवायला घेतला.