तिसरा नमुना

दोनदा तपासलं, दोनदा नापास. भावाला किडनी द्यायला निघालेल्या बहिणीच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटतच नाहीत असा अहवाल गेला आणि सर्जननी हात वर केले. रक्त थांबलं नाही तर? अशा बाईची किडनी काढायची नाही. भावाला दुसऱ्या कुणाची जुळत नव्हती, आणि त्याच्याजवळ फारसे दिवसही नव्हते.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे पाठीमागे ‘परत-बाई’ म्हणत, कारण खराब नमुना त्या दारातूनच परत धाडत. हे दोन्ही नमुने मात्र दिसायला गुणी होते. नळी रेघेपर्यंत भरलेली, लेबल सरळ. तरी बाईंच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. दोन बाळंतपणं सुखरूप झालेल्या बाईच्या प्लेटलेट इतक्या आळशी? त्यांनी वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, नळी खाली कशी पाठवलीत?”

“हवेच्या दाबाच्या पाइपातून, नेहमीसारखी. आणि खराब होऊ नये म्हणून बर्फात घालून. दोन्ही वेळा!” सिस्टरला शाबासकीच हवी होती.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, प्लेटलेट म्हणजे मासळी आहे का? गारठल्या, पाइपात आपटल्या की त्या वाटेतच कामाला लागतात. माझ्याकडे येतात त्या दमून!”

“म्हणजे माझ्यामुळे...”

“रडारड नंतर. मी वर येतेय.”

प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर कुरकुरले. “तिसऱ्यांदा? चार वाजता सर्जन शेवटचा निर्णय घेणार आहेत.”

“चुकले तर माझ्या नावानं खडे फोडा,” म्हणत बाई निघाल्यासुद्धा.

त्यांनी जाड सुई घेतली, दंडावरचा पट्टा लगेच सोडला, सुई टोचताना बिघडलेल्या रक्ताची पहिली नळी बाजूला ठेवून दुसरी भरली.

“ताई, हेही नापास झालं तर?” बहिणीनं विचारलं.

“आधी मला चार मजले उतरू तर द्या.”

नळी तळहातात उभी धरून बाई एकेक पायरी उतरल्या. मग नळी अर्धा तास टेबलावर स्वस्थ ठेवली, यंत्रात हळू फिरवली, आणि वर आलेल्या पिवळसर रसात प्लेटलेटना चिकटायला लावणाऱ्या औषधाचा थेंब सोडला. प्लेटलेट चिकटल्या की रस निवळतो आणि पडद्यावरची रेघ चढते. रेघ आडवीच होती. बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

मग रेघ हलली. उचलली. चढू लागली.

“चढ गं, चढ!” बाई ओरडल्या. दुसऱ्या औषधालाही चढली, तिसऱ्यालाही. मोठे डॉक्टर खुर्ची सोडून धावत आले.

“आधीचे दोन्ही अहवाल रद्द,” ते म्हणाले. “लिहा, दोष नमुन्यात होता, रक्तात नाही.” सर्जनना त्यांनी स्वतः कळवलं. चारला दहा मिनिटं कमी होती.

बाईंनी बहिणीला फोनवर सांगितलं. ती लगेच शेजारच्या खाटेवरच्या भावावर खेकसली, “दादा, बंद कर तुझी ती निरोपाची भाषणं! किडनी मीच देणार, आणि तू गुपचूप घेणार!”

“घेतो की, बाई, ओरडतेस कशाला,” असा क्षीण आवाज आला, आणि पाठोपाठ दोघांचं हसणं. परत-बाईंचे डोळे वाहू लागले. सगळी प्रयोगशाळा बघत होती, बघू दे.