जाड तंगूस

मुरलीधरांनी माझ्या नवऱ्याची थट्टा केली ती त्याच्या तेराव्याला, विद्याधर नगरच्या आमच्या घरात, आमच्याच पानावर बसून. "बळवंत मासा खेळवायचा नाही, ओढायचा. विहिरीतून बादली ओढावी तसा," ते म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर बनास नदीवर गळ टाकायला जाणारे सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाढायचं सोडून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच ठरवलं, या माणसाचे दात याच्याच घशात घालायचे.

भांडण जुनं होतं. जयपुरात बदलीवर येऊन राहिलेली ही बँकेतली आणि विम्यातली मराठी मंडळी, त्यांच्यात दोन तट. महाशीर हा नदीतला दांडगा मासा. बळवंत त्याच्यासाठी गळाला जाड तंगूस, नायलॉनचा दोरा, लावायचा, म्हणजे मासा पटकन काठाला येतो, फार दमत नाही आणि सोडला की जगतो. मुरलीधरांना तंगूस हवा बारीक. मासा तासभर पळवायचा, फोटो काढायचा, मग सोडायचा. सोडलेला मासा पुढे जगतो की मरतो, हे बघायला ते कधी थांबत नसत.

मंडळींची एक रीत आहे. कुणी गेलं, तर पुढच्या खेपेला पहिला गळ त्याच्या आवडत्या डोहात पडतो, आणि नेमका कुठे टाकायचा ते त्याच्या घरचं माणूस दाखवतं. तो मान मी मुरलीधरांना दिला. त्यांचे डोळे भरून आले. मला त्याचंही काही वाटलं नाही. डोहाच्या उजव्या अंगाला पाण्याखाली खडक आहे, तिथे बारीक तंगूस टाकू नये, हे बळवंतने मला सांगितलेलं होतं. मी उजवीकडे बोट दाखवलं.

गळाला लावलेला कणकेचा गोळा बुडाला आणि थोड्याच वेळात त्यांचं रीळ करकरायला लागलं. महाशीर थेट खडकामागे गेला. तंगूस अडकला, तुटेनाही आणि सुटेनाही. खाली जखडलेला मासा धडका देत होता, ते काठीच्या टोकावरून कळत होतं. माझ्या हातात बळवंतची काठी होती, जाड तंगूस आणि मोठा गळ लावून तयार. पलीकडून तो गळ त्यांच्या तंगुसात अडकवून ओढला की मासा सुटणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"वहिनी, टाका लवकर," मुरलीधर म्हणाले.

"आधी म्हणा, बळवंतचं बरोबर होतं."

"बरोबर होतं त्याचं. टाका."

इतकं सहज मिळालं की माझं समाधान होईना. तेराव्याला जेवढ्या मोठ्याने बोललात तेवढ्या मोठ्याने म्हणा, मी म्हटलं. ते ओरडून म्हणाले. मग त्या बादलीबद्दल माफी मागायला लावली. तीही त्यांनी मागितली. सत्तरीचा माणूस गुडघाभर पाण्यात हात जोडून उभा होता, आणि मला फार बरं वाटत होतं. अजून काय काय म्हणायला लावावं, याचा मी विचार करत होते.

माझी मुलगी आसावरी शेजारी उभी होती. ती जयपुरातच वाढली, मराठी अडखळत बोलते.

"आई, बाबा आधी मासा सोडवायचे," ती म्हणाली. "मतलब, भांडण नंतर."

तेव्हा कुठे मी गळ टाकला. तंगूस खडकावरून निसटला आणि मासा काठाला आला, पोट वर करून. मुरलीधरांनी त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला कितीतरी वेळ दोन्ही हातांत धरलं. कल्ले हलले नाहीत. बळवंतचं बरोबर होतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्या डोहात मेलेला मासाही आता सगळे बघत होते.

आसावरीने बाबांची काठी माझ्या हातातून काढून घेतली, आणि घर येईपर्यंत मला त्या काठीला हात लावू दिला नाही.