खडूची खूण

"वहिनी, राजे आलेत," दिव्याची वायर सोडवता सोडवता दीर म्हणाला. "तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध बसलेत. तिकीट काढून."

"तिकीट कशाला? आत बोलवायचं नाही का?"

"बोलावलं की. म्हणाले, आतून जन्मभर बघितलं, आज समोरून बघतो. राणी दिसते तरी कशी, ते बघायचंय त्यांना."

ती कपडेपटात शिवणकाम करणारी बाई, आणि नाटकातली राणीही तीच. झग्याची उसवलेली बाही तिनं टाचली आणि दोरा दातानं तोडला. राजे समोरून बघणार याची धास्ती दिराला दाखवायची सोय नव्हती. त्यानं चिडवून चिडवून बेजार केलं असतं.

नाटक जुनं, पणजोबांच्या काळापासून चालत आलेलं. त्यातला राजा जादू शिकतो ती एवढ्यासाठी, की मेलेली राणी एकदा तरी दिसावी. शेवटच्या अंकात ती दिसते. हवेत उमटते, तिच्या आरपार मागचा खांब दिसतो, ती हात पुढे करते, तो राजाच्या हाताला क्षणभर टेकतो आणि राणी विरून जाते. लोक त्या क्षणासाठीच येतात. गंमत अशी, की राणी रंगमंचावर नसतेच. ती रंगमंचापुढच्या खड्ड्यात काळ्या पडद्यासमोर उभी असते. दिराचा दिवा तिच्यावर पडला की वरच्या तिरक्या काचेत तिचं प्रतिबिंब उमटतं आणि प्रेक्षकांना ते राजाशेजारी दिसतं. राजाला मात्र काही म्हणता काही दिसत नाही. तो फळीवरच्या खडूच्या खुणेवर थांबून रिकाम्या हवेत हात धरतो, आणि ती खाली पडद्यातल्या एका खिळ्याकडे हात नेते. इतकी वर्षं दोघांनी हा संसार एकमेकांचं तोंडही न बघता केला. आपण कशा दिसतो, हे तिलाही कधी कळलं नव्हतं. विचारलं की जो तो म्हणायचा, धुरासारख्या.

राजाचं काम करणारे ते नट गेल्या हंगामात गुडघ्यांपायी घरी बसले. सगळे त्यांना राजेच म्हणत. जाताना ते ऐटीत म्हणाले होते, "खूण कधी चुकलो नाही मी. त्या काचेला विचारा!"

काचेला कोण विचारणार? पण तिला ठाऊक होतं. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांचं शेवटचं पाऊल आखूड पडू लागलं होतं. खुणेची फळी पाय पडला की करकरायची. ती करकरली नाही, की ही खिळा सोडून द्यायची आणि कमरेतून वाकून हात आणखी पुढे न्यायची. वर हाताला हात टेकायचा, टाळ्या पडायच्या. दिराला दिवा सरकवावा लागे म्हणून तेवढं त्याला माहीत. तोही बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवा राजा तरणाबांड, आवाज खणखणीत, पण धांदरट.

"आज तो चुकला तर?" दिरानं विचारलं. "तुम्ही वाकलात तर राजांना समोरून लख्ख दिसणार. ते काय दुधखुळे आहेत? लगेच ताडतील."

"आणि नाही वाकले तर?"

"तर नाटकाचा बट्ट्याबोळ."

"तू दिव्याचं बघ. माझं मी बघते."

म्हणाली खरं, पण काय बघणार होती ते तिलाच उमगत नव्हतं. आपली खूण कधी चुकली नाही, एवढ्यावर तो माणूस म्हातारपण काढत होता. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

शेवटचा अंक आला. दिवा लागला, तिनं खिळ्याकडे हात नेला. वर बूट वाजत आले आणि थांबले. फळी करकरली नाही.

तिला तिसरी रांग आठवली. मग वाटलं, वर एक हात रिकामा राहिलाय, आणि तोही राजांना दिसतोच आहे. ती वाकली. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रयोग संपल्यावर राजे काठी टेकत खड्ड्यात उतरले आणि एका लाकडी पेटीवर बसले.

"काय राणीसाहेब."

"कशी दिसले मी?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"पोरगं खुणेवर नव्हतं."

"नवीन आहे हो."

"तू वाकलीस. पटकन. सवय असल्यासारखी."

ती झग्याचे हूक काढत राहिली.

"माझ्या वेळी पण?"

"तुमच्या वेळी कशाला? तुम्ही खुणेवरच असायचात की!"

राजे तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. "तुला नाटकात एकही वाक्य का दिलं नाही, ते आज कळलं. खोटं बोलणं तुला बापजन्मी जमायचं नाही."

तिनं हूक सोडून वर बघितलं. "रागावलात?"

"रागावतो कसला! तुझ्या हाताकडेच बघत बसलो. चेहरा बघायचा राहूनच गेला."

"मग परत या."

"येतो. आता उठव मला, गुडघे ऐकेनात." त्यांनी हात पुढे केला. तिनं तो धरला. हात खरखरीत होता, आणि ऊबदार होता. राजांनी सगळा भार तिच्यावर टाकला आणि ते हळूहळू उभे राहिले.