आज तू बघ

कपाखालून नोटेचा एकच कोपरा बाहेर आला होता आणि त्या कोपऱ्यावर चहाचा एक थेंब बसून होता — पसरत नव्हता, ओघळतही नव्हता, आत जावं की नाही याचा जणू तोही विचार करत होता. त्याने कप उचलला नाही. कप उचलला की नोट आपली झाली, असं त्याला वाटत होतं; कप वर आहे तोवर ती टेबलाची आहे, फार तर सरकारची... चहा मात्र निवत चालला होता, आणि तो डब्यातल्या शेवटच्या चमचाभर पावडरीचा चहा असल्यामुळे निवू देणं हाही एक प्रकारचा खर्चच होता. म्हणजे सुरुवात झाली होती. त्याने अजून काहीही केलं नव्हतं आणि नुकसान सुरू झालं होतं.

बायको कामावर निघून गेली होती.

घडलं ते अगदी एवढंसं. ती आरशासमोर केस बांधत उभी होती, तोंडात पिन, पिन काढून म्हणाली, "पगार परवा. घरात ही एकच नोट आहे. आणि मला आता..." आणि थांबली. वाक्याच्या मध्ये कुणी थांबलं की त्याच्या घशातून पुढचा शब्द आपोआप निघतो. त्यात त्याचा दोष नाही, तो त्याचा धंदा आहे. तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, आणि अडलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवायचा — इतक्या हळू की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. तर ती थांबली, आणि तो पलंगाखाली मोजा शोधता शोधता कुजबुजला,

"कंटाळा आलाय."

"कंटाळा आलाय," ती म्हणाली.

अगदी नटी म्हणते तशी — उसना शब्द आपलाच आहे अशा खात्रीने. मग बहुधा तिचं तिलाच ते ऐकू आलं. आरशातून ती त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे त्याच्या पाठीकडे, कारण डोकं पलंगाखाली होतं. तो बाहेर आला तेव्हा नोट टेबलावर होती आणि तिच्यावर त्याचा कप.

"आज तू बघ," ती म्हणाली. "आजचं, उद्याचं, सगळं. मला काही विचारायचं नाही."

"म्हणजे साधारण काय काय आणायचं?"

"हेच ते. हेच विचारायचं नाही."

आणि गेली. जिना उतरताना एरवी ती थोडं थांबत, काहीतरी आठवत उतरते. आज धाडधाड उतरली.

तिचं रोजचं वाक्य होतं — मी बघते. लग्नापासून तेच. पगार लांबला, मी बघते. पाहुणे आले, मी बघते. छपराचा एक भलामोठा तुकडा प्रेक्षकांत पडून नाट्यगृह बंद झालं (विनोदी प्रसंग चालू होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या), मॅनेजरने 'लवकरच' एवढाच शब्द उच्चारून गाव सोडलं, तेव्हाही — मी बघते. एवढं पाठ असलेलं वाक्य, आणि आपण भलतंच दिलं? आयुष्यात एकदाच त्याने चुकीचा शब्द दिला होता: दुसऱ्या अंकात पाचव्या अंकातला. नायिकेने तत्काळ विष घेतलं आणि नाटक तासभर आधी संपलं. लोक खूश होऊन घरी गेले. पण ती निव्वळ पानं चिकटल्यामुळे झालेली चूक होती. आजच्या चुकीला पानं नव्हती... आणि खरं सांगायचं तर ती चूक होती की नाही, याचीच त्याला शंका येत होती.

त्याने थंड चहा प्यायला, नोट पुसली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, मग पँटच्या, मग पुन्हा शर्टाच्या. निघाला.

कोपऱ्यावरच्या दुकानात जाईपर्यंत सगळं सोपं होतं. पाव, अंडी, चहा. मनात यादी तयार झाली तेव्हा त्याला बरंच हलकं वाटलं. यात एवढं अवघड ते काय, बायका उगाच... दुकानाच्या पायरीवर यादीला पहिला तडा गेला. अंडी — पण तेल नाही. तेल घेतलं तर पाव नाही. बरं, अंडी उकडावी, पण गॅस? परवा ती सिलिंडर हलवून, कान लावून ऐकत होती, डॉक्टर छाती तपासतात तशी, आणि म्हणाली होती, "अजून धुगधुगी आहे." त्या धुगधुगीत अंडी उकडली तर उद्याचा चहा होणार नाही, चहा होणार नाही तर चहाची पावडर कशाला, आणि चहाशिवाय ती कामावर गेली तर दुपारी तिचं डोकं दुखतं. मग अंडी नकोत. नुसता पाव? पावाला काहीतरी लावायला हवं. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं... तो मागे सरकला, पुन्हा पहिल्यापासून धरलं. बटाटे. बटाट्यांना पुन्हा गॅस. साबण संपलाय का? कुणाला माहीत? तिला माहीत. साबण किती उरलाय हे ती न बघता सांगते — ही सगळी गणितं ती रोज, केस बांधता बांधता, तोंडात पिन धरून...

"मास्तर, काय हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"बघतोय."

"बघा, बघा. बघायचे पैसे नाहीत."

पुढे एक आजीबाई उभ्या होत्या. "मला जरा ते हे दे रे," त्या म्हणाल्या, "ते आपलं..." आणि अडल्या.

"साबण," तो कुजबुजला.

"हां, साबण!" आजीबाईंनी साबण घेतला, पैसे दिले, समाधानाने गेल्या. चार पावलांवरून परत आल्या. "मेल्या, काडेपेटी हवी होती मला! साबण कोण म्हणालं?"

दुकानदाराने साबण परत घेतला, काडेपेटी दिली, त्या जाईपर्यंत हसू दाबून धरलं आणि मग म्हणाला, "मास्तर, एक तर तुम्ही माझ्याकडे नोकरीला लागा, नाही तर बाहेर उभे राहा. लोक तुमचं ऐकतात हो."

तो बाहेर उभा राहिला. मग चालू लागला. नोट अखंड होती, आणि ही नोट अखंड आहे म्हणजे आपण अजून चुकलो नाही, असा एक भित्रा आनंद त्याला होत होता. परीक्षेत कोरा कागद दिला तर त्यात चूक सापडत नाही, तसा.

बागेतल्या बाकावर कंपनीचा खलनायक ऊन खात बसला होता. रंगमंचावर त्याने आजवर कितीतरी खून केले होते. एरवी मुंगी पायाखाली येईल म्हणून लांबून जाणारा माणूस. त्याला सगळं सांगितलं.

"कुजबुज्या, शेवटचा पैसा मोठ्या गोष्टीवर उडवावा," खलनायक म्हणाला. "मी मागे दाढी करून घेतली. गरम टॉवेलसकट."

"मग?"

"मग काय, पुढे नुसतं पाणी पिऊन होतो. पण लोक म्हणायचे, काय तेज आहे चेहऱ्यावर!" तो उठून उभा राहिला, मोठं वाक्य त्याला बसून म्हणता येत नसे. "माणसाने आपला शेवटचा पैसा असा खर्च करावा, की..."

थांबला. सवयीने डावीकडे बघितलं. डावीकडे तो होताच. पण त्याने दात घट्ट आवळून धरले होते.

"दे ना!" खलनायक ओठ न हलवता म्हणाला.

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही? मग मी उठलो कशाला?" आणि तो खरंच दुखावला जाऊन खाली बसला.

पण मोठी गोष्ट... हा शब्द त्याच्याबरोबर बागेबाहेर आला, रस्ता ओलांडून आला. कारण मोठी गोष्ट एकदा झाली होती. लग्नाला वर्षही झालं नसेल. महिनाअखेर होती आणि घरात असंच काहीतरी उरलं होतं. त्या संध्याकाळी प्रयोग चालू असताना त्याने विंगेतून सहज बाहेर बघितलं, तर तिसऱ्या रांगेत ती. तिकीट काढून. कंपनीच्या माणसांच्या घरच्यांना फुकट सोडतात, मागच्या दाराने, हे तिला ठाऊक होतं — तरी तिकीट काढून, मांडीवर पर्स सरळ ठेवून, नायकाकडे न बघता, नायिकेकडे न बघता, जिथे तो दिसणं शक्यच नव्हतं त्या काळ्या पडद्याकडे टक लावून. नायक त्या दिवशी सात ठिकाणी अडला. घरी येताना त्याने विचारलं होतं, वेड लागलंय का तुला, सगळे पैसे घालवलेस?

"तुझा आवाज ऐकू येतो का, ते बघायचं होतं."

"आला?"

"छे. एक अक्षर नाही." आणि मग, थोडं चालून गेल्यावर, "म्हणजे तू फार चांगला असणार."

मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी चांगला म्हटलेलं नाही, तो मनाशी म्हणाला. म्हणायचं कसं? मी चांगला असलो की कुणाला कळत नाही, आणि वाईट असलो की नायिका विष घेते. हे तिने ओळखलं, आणि ओळखून त्यासाठी तिकीट काढलं — आणि पुढचे तीन दिवस आम्ही जेवलोही. रोज. कसे, ते मी विचारलं नाही. काहीतरी ताटात होतं एवढं आठवतं. काय होतं? तो रस्त्यात थांबून आठवू लागला आणि त्याला काही केल्या आठवेना; तिसऱ्या रांगेतली पर्स आठवत होती, तिची कडी आठवत होती, पण ताट कोरं. पडद्यामागे बसून शब्द देणारा मी एकटाच आहे, असं समजून तो इतकी वर्षं त्या ताटावरून उठत आला होता...

दुपार अशीच गेली. त्याने बेकरीचा भाव विचारला, न्हाव्याच्या दुकानात गरम टॉवेलचा भाव विचारला (न्हावी म्हणाला, "नुसता टॉवेल?"), एका फुलवालीसमोर इतका वेळ उभा राहिला की तिने त्याला स्टूल दिलं. तीन वेळा निर्णय झाला आणि तीन वेळा मोडला. आणि निर्णय मोडताना दर वेळी त्याला तिच्याबद्दल असं काही वाटत गेलं, की जे बुद्धिबळाच्या खेळाडूंबद्दल वाटतं, तारेवर चालणाऱ्यांबद्दल वाटतं. फरक एवढाच, की तारेवर चालणाऱ्याला खालून कुणी 'आज मीठ कमी पडलंय' असं म्हणत नाही.

कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तो फाटकाशी उभा होता. ती शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर काम करते. बायकांच्या घोळक्यातून ती बाहेर आली, त्याला बघून थबकली.

"तू इथे कसा?"

"आलो असाच."

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही रिकामे होते. आता विचारेल, त्याला वाटलं. पण ती चालायला लागली.

मग एकदम म्हणाली, "अरे, आज काय झालं माहितीये? ती नवी मुलगी आहे ना, चष्म्याची — तिने स्वतःच्याच बाहीला काज पाडलं! हात मशीनखालून काढला तर बाहीला नीटनेटकं भोक. मुकादम म्हणाला, आता बटण लावा आणि न्या घरी. आणि ती खरंच बटण शोधायला लागली रे!" ती हसली. हसताना थांबावं लागलं तिला, भिंतीला हात टेकून. त्यानेही हसायचा प्रयत्न केला, पण तो तिच्याकडेच बघत होता.

कारण संध्याकाळी ती बोलत नाही. या रस्त्याने तिला आणायला तो पूर्वीही आला होता, आणि दर वेळी ती गप्प चालायची, कपाळाला बारीक आठी, विचारलेल्याला 'हं' म्हणत. दमते, असं तो म्हणायचा. अबोलच आहे, असं तिची सासूही म्हणायची, कौतुकाने. मी त्याला स्वभाव समजत होतो. ती मोजत होती. फाटकापासून घरापर्यंत रोज — गॅस, तेल, साबण, माझं पोट — आणि आज मोजायचं काही नव्हतं, म्हणून हे एवढं सगळं बोलणं, ही मुकादमाची नक्कल, हे मोकळे हात पुढे-मागे हलवत चालणं, हे सगळं कुठून कुठून बाहेर येत होतं. किती छान बोलते ही... असं वाक्य त्याने कधी कुठल्या वहीत वाचलं नव्हतं.

समोर रस्त्यावर दुकानं होती. बेकरीवाला फळ्या लावायच्या तयारीत होता, त्याच्यापुढे अंडीवाला, मग आपला कोपऱ्यावरचा. यातल्या एका ठिकाणी थांबायला हवं होतं. भूक त्याला केव्हाची लागली होती, म्हणजे तिलाही लागली असणार. पण तो थांबला की ती थांबणार. तिची नजर बरणीवरून भावाकडे, भावावरून त्याच्या खिशाकडे जाणार. ती आठी येणार, आणि मुकादम अर्ध्यावर राहणार. तो बेकरीवरून पुढे गेला. मागे फळी बसल्याचा आवाज झाला. भीतीच होती ती, पण इतकी टवटवीत भीती त्याला आजवर झाली नव्हती. उद्या सकाळी ती आपल्याला काय म्हणेल, आणि ते म्हणण्याचा तिला किती पूर्ण हक्क असेल...

"अरे, हळू चाल ना," ती मागून म्हणाली. "कसली घाई आहे?"

हे वाक्य त्यांच्या घरात याआधी कुणी म्हटलं नव्हतं. अंडीवाल्याचा दिवा अजून चालू होता. त्याने पावलं हळू केली, तिच्या पावलांना पाऊल जुळवलं, आणि ती सांगत होती ते ऐकू लागला.