चार बदामची बोली

ताईचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने आपले पत्ते कपडे घासायच्या ब्रशच्या केसांत उभे खोचले होते. मनगट दाजींनी पिरगाळलं होतं, गेल्या रविवारी, हातातला डाव बुडाल्यावर. दाजी गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतात. घरीही ठोकण्यापलीकडे त्यांना काही सुचत नाही.

आज ब्रिजचा डाव ताईच्या धाकट्या भावाच्या घरी मांडला होता. ताई आणि दाजी जोडीदार. विरुद्ध जोडी धाकटा आणि ताईच्या सासूबाई.

"मोडकी का होईना, जोडीदारीण आहे," दाजी पत्ते लावत म्हणाले. "अक्कल असती तर मोडावी कशाला लागली असती?"

"पत्ते बघ," सासूबाई म्हणाल्या. त्या नेहमी एवढंच म्हणत.

दाजींनी एक इस्पिकची बोली केली, ताईने तीनची. इस्पिक हुकूम ठरलं. आता स्लॅम घ्यायचा, म्हणजे तेरापैकी बारा हात जिंकायचे, तर आधी बघावं लागतं की एखाद्या रंगात समोरचे सुरुवातीलाच दोन हात तर नेणार नाहीत ना. जोडीदार हे एकमेकांना बोलीतूनच सांगतात. ज्या रंगात आपल्याकडे एक्का किंवा राजा आहे, किंवा जेमतेम एखादं पान आहे, तो रंग बोलायचा. खालच्या रंगापासून वर चढायचं. जो रंग ओलांडला, तिथे आपलं दार उघडं.

"चार किलवर," दाजी म्हणाले.

"चार बदाम," ताई म्हणाली. मधली चौकट तिने ओलांडली होती.

शहाण्याने इथे आपल्या हातातली चौकट बघावी. दाजींकडे चौकटची दोन फुटकळ पानं होती.

"सहा इस्पिक," ते म्हणाले, म्हणजे बारा हातांचा स्लॅमच, आणि टेबलाखाली टाच ताईच्या पावलावर रोवली. तिचे ओठ पांढरे पडले.

पहिलं पान धाकट्याने टाकायचं होतं. चौकटचा एक्का आणि राजा, दोन्ही त्याच्याच हातात. ते टाकले की स्लॅम मेला, आणि मग ताईचं दुसरं मनगट. नाही टाकले, तर दाजी आपली दोन पानं ताईच्या बदामांवर फेकून मोकळे होतील आणि खुशीत घरी जातील. असं त्याने पूर्वीही केलं होतं. त्याने किलवरची दश्शी धरली.

"मुद्दाम हरू नको, ते पान परत ठेव," ताई म्हणाली.

"टेबलावर बोलायचं नाही," दाजी गुरगुरले.

"जिंकल्यावरही मारतात रे. म्हणतात, तुझ्या भित्र्या बोलीमुळे सातची बोली हुकली, तेराच्या तेरा हातांची."

धाकट्याने एक्का टाकला. ताईने पत्ते उघडे मांडले. धाकट्याने राजा टाकला.

दाजींनी उरलेले पत्ते तिच्या तोंडावर भिरकावले, पाठोपाठ मूठ. ताई खुर्चीसकट मागे कोसळली आणि प्लास्टर फरशीवर आपटलं. धाकट्याने त्यांची मान आवळली. दोघं टेबलावर पडले, टेबलाचा पाय मोडला. दाजींचं कोपर धाकट्याच्या नाकावर बसलं, रक्त शर्टभर झालं. सुटल्यासुटल्या दाजींनी स्टूल उचललं आणि ताईकडे वळले. सासूबाई आडव्या आल्या. स्टूल त्यांच्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज चौघांनीही ऐकला.

"तू कशाला मध्ये आलीस, आई?"

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"चल गं, ऊठ," दाजी ताईला म्हणाले. "घरी चल."

ताईने तोंडातला दात तळहातावर काढला. "मी नाही येत."

"आई, हिला सांग."

"चपला घाल आणि जा तू," सासूबाई म्हणाल्या. "मीपण येत नाही. ही नसली तर उद्या तुझ्या हाती मीच सापडेन."

धाकटा दार उघडून उभा राहिला, दुसऱ्या हातात टेबलाचा पाय. दाजींनी तिघांकडे पाहिलं. मग ते गेले.

"गाडी बोलाव," ताई म्हणाली. "आईंचा खांदा दाखवायला हवा. दवाखान्यात विचारतील, कसं झालं म्हणून."

"सांगू की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या मनगटापासून सांगू."